चिमटीतली धार: मोबाईलवर न अडखळता लहान-मोठा होणारा ट्रेकचा नकाशा कसा करावा

राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने खाली उतरलं की तोरण्याकडे जाणारी डोंगरधार लागते. पावसाळ्यात या धारेवर ढग बसला की पंधरा-वीस पावलांपलीकडचं काही दिसत नाही. अशाच एका सकाळी आम्ही आमच्या गटासाठी केलेला नकाशा मोबाईलवर उघडून उभे होतो. वाट धारेच्या उजव्या अंगाने जाते असं पडद्यावर दिसत होतं. खात्री करावी म्हणून नकाशा दोन बोटांनी मोठा केला, तर वाटेने उडी मारली आणि ती डाव्या अंगाला जाऊन बसली. दोन्ही चित्रं आमचीच, एकाच जीपीएस नोंदीवरून काढलेली. जमिनीवरचा फरक तीसेक मीटरचा असेल. पण पुढे गेलेला सोबती पहिल्या चित्रावर भरवसा ठेवून उजवीकडची सोंड उतरायला लागला होता. हाका मारून त्याला वर बोलावलं.

परत आल्यावर तो नकाशा मी पहिल्यापासून नव्याने केला. तेव्हा कळलं की झूम गुळगुळीत होण्याचं काम फोनच्या वेगावर थोडंच अवलंबून असतं. कुठल्या टप्प्यावर काय ठेवायचं, काय गाळायचं आणि ठेवलेलं किती सोपं करायचं, हे आधी नीट ठरलं असेल तर साधा फोनही सुंदर चालतो. नकाशाशास्त्रात या कामाला जनरलायझेशन म्हणतात, पुस्तकी मराठीत सामान्यीकरण. पुढे मी त्याला सरळ 'नकाशा सोपा करणं' म्हणेन.

साधनं सगळी फुकट आहेत: माहिती तपासायला आणि दुरुस्त करायला क्यूजीआयएस, रेषा सोप्या करायला मॅपशेपर, नकाशाचे चौकोनी तुकडे म्हणजे टाइल्स पाडायला टिपेकॅनो, आणि फोनवर दाखवायला मॅपलिब्रे. रस्ते, गावं, नद्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशातून घ्या. वाटा मात्र शक्यतो स्वतः चालून नोंदवलेल्या असाव्यात.

पायरी १: झूमचा आकडा जमिनीवर उतरवा

झूम १२, झूम १४ असे आकडे आपण बोलतो, पण एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर किती मीटर हे डोक्यात नसेल तर पुढचा कुठलाच निर्णय नीट होत नाही. मॅपलिब्रेमध्ये टाइल ५१२ पिक्सेलची धरतात. त्या हिशेबाने राजगडच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १८.२५ अंशांवर, झूम शून्यला एक पिक्सेल सुमारे ७४,३०० मीटर व्यापतो आणि पुढच्या प्रत्येक झूमला ते अंतर निम्मं होतं:

झूम ८: एका पिक्सेलला २९० मीटर
झूम १०: ७३ मीटर
झूम १२: १८ मीटर
झूम १४: ४.५ मीटर
झूम १६: १.१ मीटर

इथे एक सावधगिरी. जुन्या चित्ररूप टाइल्स २५६ पिक्सेलच्या असत, त्यामुळे त्यांचा झूम १५ आणि मॅपलिब्रेचा झूम १४ हे एकच. इंटरनेटवर कुठूनही तक्ता उचलाल तर आधी हे बघा. एका झूमची चूक म्हणजे सगळी मापं दुप्पट किंवा निम्मी.

यातले पिक्सेल पडद्याचे खरे बारीक ठिपके नव्हेत, ते आज्ञावलीचे हिशेबी पिक्सेल. बऱ्याच फोनवर पडद्याची रुंदी अशा ३६० पिक्सेलच्या आसपास भरते. म्हणजे झूम १० वर सव्वीस किलोमीटरचा मुलूख दिसतो, झूम १२ वर साडेसहा, झूम १४ वर दीड किलोमीटरहून थोडा जास्त आणि झूम १६ वर चारशे मीटर. राजगड-तोरणा ही जोडी झूम १२ वर पडद्याच्या रुंदीत जेमतेम मावते.

कागदी नकाशाशी ताडून पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. हिशेबी पिक्सेल ढोबळमानाने ०.१६ मिलिमीटरचा धरला तर झूम १३ म्हणजे साधारण १:५७,००० आणि झूम ११ म्हणजे १:२,२७,०००. सर्व्हे ऑफ इंडियाची ओळखीची १:५०,००० ची टोपोशीट झूम १३ च्या थोडं पुढे बसते आणि १:२,५०,००० ची झूम ११ च्या जरा अलीकडे. ही दोन्ही पत्रकं कसलेल्या हातांनी वेगवेगळी केलेली आहेत. त्यांच्या मधल्या प्रत्येक मापासाठी वेगळं पत्रक निघत नाही, कारण कागद मधल्या मापावर थांबत नाही. बोटांची चिमटी मात्र नेमकी तिथेच थांबते, ११.४ वर, १२.७ वर. आपलं खरं काम या मधल्या जागेत आहे.

पायरी २: किती ठेवायचं आणि काय ठेवायचं, हे वेगवेगळे प्रश्न धरा

'किती' या प्रश्नाला जर्मन नकाशाकार फ्रीडरिश टॉपफर यांचा वर्गमुळाचा नियम चांगला आधार देतो. माप चौपट लहान केलं तर वस्तू निम्म्या ठेवाव्यात. १:५०,००० वर चाळीस वाड्या असतील तर १:२,००,००० वर वीस. झूमच्या भाषेत, दोन झूम मागे आलात की निम्म्या वस्तू गाळा. मोबाईलच्या पडद्यावर मी याहून थोडं कडक राहतो, कारण उन्हात आणि चालताना डोळ्याला गर्दी झेपत नाही.

'काय' हे मात्र कुठलाही नियम सांगत नाही. आज्ञावलीला मोकळं सोडलं तर ती आकाराने लहान ते बिनमहत्त्वाचं असं धरून चालते, आणि सह्याद्रीत हे धोक्याचं आहे. गडावरचं पाण्याचं टाकं चार-पाच मीटरचं असतं. झूम १४ वर ते जेमतेम एक पिक्सेल भरेल, झूम १२ वर त्याचा मागमूस राहणार नाही. पण मार्चनंतर ट्रेक कुठे मुक्कामी थांबणार, हे तेच टाकं ठरवतं. म्हणून प्रत्येक वस्तूला हाताने मान द्या. माझ्या तक्त्यात एकच रकाना असतो, 'मान', आणि त्यात १ ते ५; १ म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं. पिण्याचं पाणी, वाटेची फाटाफूट, मुक्कामाची गुहा किंवा देऊळ यांना २. पडक्या जोत्यांना ५. बारमाही टाक्यापेक्षा फेब्रुवारीत आटणाऱ्या टाक्याचा मान एक पायरी खाली, म्हणजे ३. एका गडाला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवू नका.

टिपेकॅनोतला एक सापळा इथेच सांगतो. ते झूम मागे येताना ठिपके आपणहून गाळतं, आणि मूळचं प्रमाण प्रत्येक झूमला अडीचपट असतं. कुठलं टाकं जाईल हे आपल्या मानावर ठरत नाही. टाकी, दरवाजे, गुहा यांच्या थरासाठी हे प्रमाण १ करा, म्हणजे गाळणी बंद होते. मग प्रत्येक वस्तूला तिच्या मानाप्रमाणे 'या झूमपासून दाखव' असा आकडा आपण द्यायचा. एवढं एक काम केलं तरी नकाशा निम्मा सुधारतो.

आणि टाकं आकृती म्हणून काढूच नका. झूम १६ च्या अलीकडे ते निळा ठिपका किंवा थेंबाचं चिन्ह हवं, ठरलेल्या आकाराचं. घराचा, देवळाचा, टाक्याचा बाह्याकार जवळ गेल्यावरच दिसू द्या.

पायरी ३: नावं, म्हणजे एकदा दिसलेलं पुन्हा लपू नये

झूम करताना डोळ्याला सगळ्यात जास्त खटकतात ती नावं. नकाशा मोठा करत जाताना 'तोरणा' दिसतं, नाहीसं होतं, परत येतं. कारण साधं आहे. दोन नावं एकमेकांवर आली की आज्ञावली त्या क्षणी एकाला लपवते, आणि हा निर्णय प्रत्येक चौकटीत, म्हणजे पडद्यावर क्षणाक्षणाला उमटणाऱ्या प्रत्येक चित्रात, नव्याने होतो. केन बीन, एली डेइचेस आणि ची याप यांनी २००६ मध्ये यासाठी एक शिस्त मांडली. प्रत्येक नावाचा दिसण्याचा पट्टा आधीच ठरवायचा, आणि जवळ जाताना दिसलेलं नाव मध्येच गायब होऊ द्यायचं नाही. मी ती गडांना अशी लावतो.

राजगड आणि तोरणा यांच्यात सरळ रेषेत सुमारे सात किलोमीटर. झूम ८ वर ते २४ पिक्सेल भरतात. 'तोरणा' हे नाव १४ पिक्सेलच्या अक्षरात लिहिलं तर त्याचीच रुंदी चाळिसाच्या घरात जाते. म्हणजे तिथे दोन्ही नावं मावणारच नाहीत, कुणीतरी मागे राहायला हवं.

सगळ्या गडांना मानाप्रमाणे क्रम लावा. मग प्रत्येक गडासाठी त्याच्याहून वरच्या क्रमाचा सगळ्यात जवळचा गड शोधा आणि दोघांतलं अंतर मीटरमध्ये काढा. क्यूजीआयएसमध्ये हे होतं, वहीत पन्नास गडांसाठीही होतं. दोन नावांत किमान ९० पिक्सेल हवेत असं धरा. अंतराला ९० ने भागलं की एका पिक्सेलला किती मीटर चालतील ते मिळतं, आणि पायरी १ च्या तक्त्यावरून झूम.

तोरण्याचं उदाहरण: ७,१०० भागिले ९० म्हणजे ७९ मीटर. झूम ९ वर पिक्सेल १४५ मीटरचा, झूम १० वर ७३ चा. म्हणजे तोरणा ९.९ पासून. पुरंदरचं उदाहरण: सिंहगडला वरचा क्रम दिला असेल तर अंतर पंचवीस किलोमीटर, म्हणजे झूम ८.१ पासून. हे आकडे अर्ध्या झूमवर वरच्या बाजूला न्या. तोरणा १० ला, पुरंदर ८.५ ला. राजगडाला मी पहिला क्रम दिला आहे, त्यामुळे तो सुरुवातीपासून दिसतो. तुमच्या भागातला पहिला गड कुठला, हे तुम्ही ठरवा.

मग अर्ध्या-अर्ध्या झूमचे गट करून प्रत्येक गटाला स्वतंत्र थर द्या आणि त्या थराचा सुरुवातीचा झूम बांधून टाका. थर एकावर एक रचताना जास्त मानाचा गट सगळ्यात वर ठेवा, कारण मॅपलिब्रे नावांना जागा देताना वरच्या थरापासून सुरुवात करतं. एक चूक इथे हमखास होते. पुरंदर ८.५ ला दिसायचा असेल तर तो झूम ८ च्या टाइलमध्ये असला पाहिजे, कारण ८.५ वर फोन झूम ८ चीच टाइल वापरत असतो. टाइलमध्ये ९ पासून घातला तर तो अर्धा झूम उशिरा उगवेल, आणि तुम्ही शैलीच्या फायलीत, म्हणजे कुठला थर कधी आणि कसा दिसेल हे ठरवणाऱ्या फायलीत, चूक शोधत बसाल.

पायरी ४: रेषा

उडी मारणारी वाट इथली. रेषा सोपी करण्याच्या दोन रीती सर्वत्र वापरतात. डग्लस आणि पॉइकर यांची १९७३ ची रीत: रेषेची दोन टोकं जोडा, त्या सरळ दोरीपासून सगळ्यात लांबचा बिंदू ठरलेल्या अंतराच्या बाहेर असेल तर तो ठेवा, आत असेल तर मधले सगळे गाळा, आणि हेच तुकड्या-तुकड्यांवर पुन्हा करा. दुसरी, महेश्वरी विश्वलिंगम आणि व्हायट यांची १९९३ ची: प्रत्येक बिंदू शेजारच्या दोघांबरोबर जो त्रिकोण करतो त्याचं क्षेत्रफळ बघा आणि सगळ्यात लहान त्रिकोणाचा बिंदू आधी काढा.

माझा अनुभव असा. पायवाटा आणि रस्त्यांना पहिली रीत बरी, कारण तिच्यात 'मूळ रेषेपासून इतक्या मीटरपेक्षा लांब जाणार नाही' असं वचन मिळतं. नद्या, ओढे, तळ्यांचे काठ यांना दुसरी, कारण पहिली जास्त ताणली की काठ करवतीच्या दात्यांसारखा टोकदार होतो. मॅपशेपरमध्ये सरकपट्टी ओढत दोन्हींचा परिणाम समोरासमोर पाहता येतो. नीरेचा किंवा गुंजवणीचा पंधरा किलोमीटरचा तुकडा घ्या आणि दोन्ही रीतींनी दहा टक्के बिंदूंवर आणा. फरक लगेच दिसतो.

आता ताणायचं किती? झूम १२ ची टाइल १२ पासून १३ पर्यंत ताणून दाखवली जाते आणि १३ ला तिच्या जागी नवी येते. मॅपलिब्रे रेषांच्या बाबतीत जुनी विरवून नवी उगवत नाही, थेट बदल करतं. म्हणून त्या क्षणी जुन्या आणि नव्या रेषेत एका पिक्सेलहून जास्त अंतर नसावं. टाइलच्या स्वतःच्या झूमवर अर्धा पिक्सेल चूक चालवून घेतली तर पुढच्या झूमला ती बरोबर एक पिक्सेल होते. मीटरमध्ये सांगायचं तर झूम १० ला ३६, झूम १२ ला ९, झूम १४ ला सव्वादोन. टिपेकॅनोत टाइलचे ४,०९६ खण असतात, म्हणजे एका पिक्सेलला आठ. मूळ मोजमाप एका खणाचं आहे, त्याला ४ ने गुणायला सांगितलं की अर्धा पिक्सेल मिळतो. आमच्या फसलेल्या नकाशात झूम १० साठी सोपी केलेली रेषाच १३ पर्यंत वापरली होती. छत्तीस मीटर चूक आणि जेमतेम दहा-पंधरा मीटर रुंद धार. वाट दुसऱ्या अंगाला जाणारच.

मुख्य पायवाटांना तर मी याहून सोपा उपाय करतो. झूम १२, १३ आणि १४ ला एकच रेषा घालतो, १४ ची. वाटा मोजक्या असतात, वजन नगण्य वाढतं, आणि नेमक्या ज्या टप्प्यावर माणूस वाट शोधत असतो तिथे काहीच हलत नाही. आपली जागा दाखवणारा जीपीएसचा निळा ठिपकाही वाटेवरच बसतो. ठिपका वाटेपासून सुटलेला दिसला की माणूस आपण चुकलो असं समजतो, आणि खऱ्या वाटेवरून खाली उतरतो. सोपं करण्याआधी जीपीएसची नोंद मात्र साफ करून घ्या. जेवायला थांबलेल्या जागी तिचा कोळ्याच्या जाळ्यासारखा गुंता झालेला असतो, आणि कुठलीही रीत तो गुंता इमानाने जपते.

घाटरस्त्यांची गोष्ट वेगळी. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट झूम १० वर नियमाप्रमाणे सोपा केला की वळणं एकमेकांत मिसळून रस्त्याच्या जागी डाग उमटतो. वळणं गाळली तर सरळ रेषा येते आणि घाट असल्याची खूणच जाते. जुने नकाशाकार दहा वळणांची चार करत आणि ती चार मोठी काढत. आज्ञावलीने हे करण्याचे प्रयोग झालेत, पण आपल्या कामापुरते पाच-सहा घाट असतात. झूम १० आणि ११ साठी ते हाताने काढा. एका दुपारचं काम आहे.

सीमा आणि नद्या वेगवेगळ्या सोप्या करू नका. पुणे आणि सातारा जिल्ह्यांची सीमा बरीच लांब नीरा नदीतून जाते. नदी एका रीतीने आणि सीमा दुसऱ्या रीतीने सोपी केली की सीमा कधी या काठावर, कधी त्या काठावर नाचते, आणि झूम बदलला की नाच बदलतो. दोन्ही थर मॅपशेपरमध्ये एकत्र उघडा. बिंदू तंतोतंत जुळत असतील तर ते सामायिक रेषा ओळखून दोन्हीकडे सारखीच सोपी करतं. जुळत नसतील तर आधी क्यूजीआयएसमध्ये सीमेचा तेवढा तुकडा नदीला चिकटवून घ्या. तालुक्यांच्या सीमांनाही हेच, नाहीतर दोन तालुक्यांत फटी पडतात.

पायरी ५: उंचीच्या रेषा

टोपोशीटवर १:५०,००० ला दर २० मीटरला समोच्च रेषा असते. मोबाईलवरही २० घेऊ असं वाटतं, पण सह्याद्रीचा उतार ते चालू देत नाही. साठ अंशांच्या उतारावर २० मीटरच्या दोन रेषांमध्ये आडवं अंतर साडेअकरा मीटर येतं, झूम १४ वर अडीच पिक्सेल. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर रेषा एकमेकींवर चढून तपकिरी पट्टा होतो. म्हणून २० च्या रेषा १४ च्या पुढेच, त्याही फिक्या. झूम १२ ते १४ ला १०० च्या. १२ च्या अलीकडे रेषा काढूनच टाका आणि डोंगराची सावली तेवढी ठेवा.

अंतर निवडताना एक गोष्ट सांभाळा: दूरच्या टप्प्यावरच्या सगळ्या रेषा जवळच्या टप्प्यावरही असल्या पाहिजेत. २० आणि १०० हे जमतं, कारण १०० ची प्रत्येक रेषा २० च्या मालिकेत येते. जवळ गेलं की जुन्या रेषा जागीच राहतात आणि मधे नव्या भरतात. मोह ५० चा होतो, पण ५०, १५०, २५० या रेषा २० च्या मालिकेत नाहीतच. झूम करताना त्या विझतात आणि शेजारी दुसऱ्या उगवतात. डोंगर श्वास घेतोय असं वाटतं. ४० आणि १०० यांचंही तसंच.

उंचीची माहिती बहुधा तीस मीटरच्या जाळीची असते, २००० साली अवकाशयानातून केलेल्या एसआरटीएम या उंचीमोजणीची किंवा कार्टोसॅट उपग्रहावरून केलेली. तिच्यावरून काढलेल्या २० मीटरच्या रेषा दातेरी येतात. रेषांना नंतर गुळगुळीत करत बसण्यापेक्षा आधी उंचीची जाळीच हलकी पुसून घ्या, म्हणजे शेजारच्या उंचींची सरासरी घेऊन ती मऊ करा, आणि मग रेषा काढा, म्हणजे त्या एकमेकींना छेदत नाहीत. मात्र २० आणि १०० या दोन्ही मालिका त्याच एका पुसलेल्या जाळीवरून निघाल्या पाहिजेत.

पायरी ६: जंगल, जलाशय, वस्त्या

इथे फार वेळ घालवू नका. चार पिक्सेलपेक्षा लहान तुकडे गाळा, जंगलातल्या बारीक फटी बुजवा, एकमेकांना लागून असलेली शेतं एकत्र करा. धरणांचे जलाशय हात आखडता घेऊन सोपे करा. पानशेत, भाटघर यांचे फाटे म्हणजे आपल्या दिशेच्या खुणा, वरून पाहिलं की माणूस त्यांच्यावरून जागा ओळखतो.

पायरी ७: बदल जाणवू न देणं

या विषयावर अभ्यासकांनी बराच विचार केला आहे. हॅनोव्हरच्या मोनिका सेस्टर आणि क्लाउस ब्रेनर यांनी २००४ च्या सुमारास छोट्या पडद्यांसाठी असं सुचवलं की सोपं करण्याची क्रिया लहान-लहान, उलट करता येतील अशा पावलांत मोडावी आणि फोनला ती पावलंच पाठवावीत. घराचा एक कोपरा कमी होतो, मग दुसरा, उडी कुठेच नाही. डेल्फ्टमध्ये पीटर व्हॅन ऊस्टेरॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झूमला तिसरी मिती धरून सगळी मापं एकाच रचनेत बसवण्याचं काम केलं. आपल्या रोजच्या साधनांत हे सगळं अजून उतरलेलं नाही, पण त्यातला विचार शैलीच्या फायलीत वापरता येतो.

रेषेची जाडी पायऱ्यांनी बदलू नका, झूमबरोबर सलग वाढू द्या. झूम ११ ला ०.६ पिक्सेल, १४ ला १.५, १७ ला ४, आणि मधलं आज्ञावलीवर सोडा. नवा थर अर्ध्या झूमभर शून्यापासून पूर्ण ठळकपणापर्यंत उगवू द्या. २० मीटरच्या रेषा १४ ला अदृश्य, १४.५ ला पूर्ण. कमी मानाच्या ढोरवाटा १३ ते १३.६. दोन थर एकाच झूमला सुरू करू नका. सगळं १४ ला उगवलं की तो धक्काच असतो, कितीही हळू उगवलं तरी.

यादीतून गड निवडल्यावर नकाशा उडत जातो, त्या उड्डाणाचा मार्ग व्हॅन वाइक आणि नुइज यांनी २००३ मध्ये गणिताने बसवला. आधी मागे यायचं, सरकायचं, मग जवळ जायचं. दूरच्या गडाला ते सुरेख दिसतं. पण पडद्याच्या एका रुंदीच्या आतलं ठिकाण असेल तर साधं सरकवा. उड्डाणात वाटेतल्या कितीतरी टाइल्स विनाकारण उघडल्या जातात आणि तिथेच साधा फोन अडखळतो.

पायरी ८: वजन

सेकंदाला साठ चौकटी दाखवणाऱ्या पडद्यावर एका चौकटीला १६.७ मिलिसेकंद मिळतात. अडखळ बहुधा नवी टाइल उघडून चित्रात चढवताना येते, म्हणून टाइल हलकी हवी. टिपेकॅनोची मर्यादा ५०० किलोबाइट आहे. ट्रेकच्या नकाशासाठी मी १५० च्या वर जाऊ देत नाही. जड टाइल सापडली तर आधी तिच्यातले रकाने बघा. ओपनस्ट्रीटमॅपमधून आलेले वीस-वीस गुणधर्म कुणी वाचत नाही. नाव, प्रकार, मान एवढे ठेवा. टाइल्स १४ पर्यंतच पाडा. पुढे १७-१८ पर्यंत त्याच ताणल्या जातात आणि रेषा स्वच्छ राहतात. सगळं एका पीएमटाइल्स फायलीत बांधून फोनमध्येच ठेवा, कारण खिंडीत रेंज नसते.

पायरी ९: देवनागरी

मराठी नकाशा करणाऱ्याने हे सगळ्यात आधी तपासावं. मॅपलिब्रेच्या ब्राउझरमधल्या अनेक आवृत्त्या अक्षरं सुटी सुटी बसवतात. जोडाक्षर जुळवणं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेणं हे त्या करत नाहीत. गंमत अशी फसवते की 'राजगड', 'तोरणा', 'रायगड' अगदी नीट दिसतात, कारण त्यांच्यात जोडाक्षरही नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही नाही. म्हणून चाचणी 'हरिश्चंद्रगड', 'सिंहगड' आणि 'किल्ला' या शब्दांवर घ्या. 'किल्ला'मधला ल मोडून पाय उघडा पडला किंवा वेलांटी क च्या मागे गेली तर तुमची आवृत्ती जुळवणी करत नाही. मग गडांची नावं चांगल्या मराठी फॉन्टमध्ये आधीच चित्रं करून चिन्ह म्हणून घाला. दीड-दोनशे नावांना हे सहज झेपतं, आणि पायरी ३ ची शिस्त चित्रांनाही तशीच लागू होते. किल्ल्याचं नाव मोडकं लिहून नकाशा लोकांच्या हातात देऊ नये.

पायरी १०: तपासणी

चार-पाच वर्षं जुना, साधा फोन घ्या. पडद्याचं रेकॉर्डिंग सुरू करा, राजगडाचा बालेकिल्ला मध्यभागी ठेवा आणि झूम ८ वरून १६ पर्यंत सावकाश जा, तसंच परत या. मग ते रेकॉर्डिंग चौकट-चौकट पुढे सरकवत बघा. वहीत दोनच रकाने: जवळ जाताना काय नाहीसं झालं, आणि कुठे काय हललं. पहिला रकाना रिकामाच राहिला पाहिजे. दुसऱ्यात जे येईल त्याचा झूम लिहा. ते जवळजवळ नेहमी पूर्ण आकड्यावर येतं, आणि मग दोष कुठल्या टाइलमध्ये आहे हे शोधायला वेळ लागत नाही. गडावर दाट माहिती असते म्हणून तिथेच थांबू नका. हेच वेल्ह्याच्या रस्त्यावर, भाटघरच्या काठावर आणि नीरेच्या सीमेवर करा.

त्यानंतर बाहेर उन्हात जा, बोटं ओली करा, एका हाताने वापरून बघा. फिक्या २० मीटरच्या रेषा उन्हात पार दिसेनाशा होतात, त्यांचा रंग तिथेच ठरवा. दोन बोटांनी मोठा करताना नकाशा फिरतो, ते फिरणं बंद ठेवा आणि उत्तर वर राहू द्या. ज्याला हवं तो बटण दाबून फिरवेल.

आम्ही शेवटची तपासणी त्याच धारेवर केली, अळू दरवाज्यापासून खिंडीतल्या डांबरी रस्त्यापर्यंत. दर दोनशे पावलांवर थांबायचं, नकाशा ११ पर्यंत मागे न्यायचा, १६ पर्यंत पुढे आणायचा आणि वाट कुठल्या अंगाला दिसते ते लिहायचं. चौदा थांबे झाले. चौदाही ठिकाणी वाट जिथे होती तिथेच राहिली, फक्त सातव्या थांब्याजवळचं झऱ्याचं चिन्ह तेराच्या आत दिसत नव्हतं. त्याचा मान वहीत ४ चा २ केला आणि पुढे निघालो.